साळू नव्हे, जाहक

बिकानेरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या घराण्याची तिकडची ही तिसरी पिढी. पण पत्रातील मराठी इतकी नेटकी, की आमच्या शाळेत हिंदीतून शिकणाऱ्या मराठी घरच्या मुलांना ते मुद्दाम वाचून दाखवावे असे आम्हांस वाटले. पावसाची पहिली सर येऊन गेल्यावर एका रात्री त्यांच्या अंगणात, दिव्याखाली जमलेले किडे खाण्यास एक लहानसा काटेरी प्राणी आला. केरसुणीचा स्पर्श होताच त्याने आपले अंग असे काही आवळून घेतले, की डोके कोठे आणि शेपूट कोठे हेच कळेना. मोठ्या बेलफळाएवढा तो गोळा त्यांनी सुपात घेऊन कुंपणाबाहेर नेऊन ठेवला. ‘हे साळूचे पिल्लू असावे काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे. त्याला जोडून दुसराही आहे. शेजारच्या वृद्ध बाई म्हणतात, याचे काटे जाळून ती राख मधातून चाटविली तर लेकराचा खोकला हटतो. घरात आठ महिन्यांचा नातू खोकतो आहे, तर हे कितपत खरे मानावे?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याची निकड अधिक आहे. हे खरे मानू नये. काटा म्हणजे ताठर झालेला केसच होय. आपल्या नखांत आणि केसांत जे द्रव्य असते तेच त्यातही असते, आणि ते जाळल्यावर उरते ती राख, औषध नव्हे. शिवाय एक वर्षाखालच्या मुलास मध देऊच नये, असे डॉक्टर मंडळी आवर्जून सांगतात. इतक्या लहान मुलाचा खोकला लांबला, खोकताना दम कोंडू लागला, तर तो डांग्या खोकला असू शकतो आणि तो तान्ह्या मुलांच्या जिवावर बेततो. त्यावरची लस सरकारी दवाखान्यात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या वयात विनामूल्य टोचतात. नातवाच्या टोचण्या झाल्या आहेत की नाहीत हे आधी पाहावे आणि त्यास त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. शेजारच्या बाईंना मात्र कोणी हसू नये. ज्या काळी लस नव्हती आणि दवाखाना दोन दिवसांच्या वाटेवर होता, त्या काळी हाताशी येईल ते करून पाहणे एवढेच आईच्या हाती होते. हीच समजूत पार दक्षिणेत, तामिळनाडूतही आहे. तेथेही याच जातकुळीतील प्राण्याचे काटे मुलांच्या खोकल्यावर वापरीत आले आहेत. हजार कोसांच्या अंतरावर एकच समजूत उगवावी, हे नवल खरे. पण नवल म्हणजे गुण नव्हे.

आता पहिला प्रश्न. अंगणात आलेला प्राणी साळूचे पिल्लू नव्हता. साळू, ज्याला कोणी साळिंदर तर कोणी सायाळ म्हणतात, तो उंदीर-घुशींच्या गोत्रातला, कुरतडणारा प्राणी. पुरा वाढला की दहा-पंधरा किलोचा होतो, कंदमुळे उकरतो, झाडांच्या साली सोलतो आणि शत्रू अंगावर आला की पाठ फिरवून आपले वीतभर लांब काटे त्याच्या अंगात रुतवून मोकळा होतो. भगिनींच्या अंगणातला पाहुणा हा चिचुंद्रीचा आप्त. त्याचे वजन अर्धा किलोही भरत नाही, काटे बोटाच्या पेराएवढे, आणि ते सहजी निसटत नाहीत. दोघांच्या अंगावर काटे आहेत म्हणून ते एका घरचे ठरत नाहीत. तसे म्हणू लागलो तर निवडुंगालाही त्यांच्या पंक्तीस बसवावे लागेल.

याचे मराठी नाव काय, असे विचाराल तर मराठीच्या या जुन्या विद्यार्थ्याला थोडे थांबावे लागते. शास्त्रीय लेखनात त्याला ‘जाहक’ म्हणतात. शब्द अस्सल आणि फार जुना, यजुर्वेदाच्या संहितेतील प्राण्यांच्या नामावळीत आलेला. पण तो मराठी माणसाच्या तोंडचा नाही. ‘साळू’ म्हटले की घोटाळा होतो आणि ‘काटेरी उंदीर’ म्हटले की दुसरा घोटाळा होतो. ज्या प्रदेशात हा प्राणी नित्य दिसतो तेथे नावाची वाण नाही. गुजराती बंधू त्याला शेळो म्हणतात. पंजाबीत झाहा आणि सिंधीत जाहो आहे. या दोहोंत तो वेदकालीन जाहक आजही जिवंत आहे, हे ऐकून कोणाही भाषाप्रेमी माणसाचे कान टवकारावेत. तामिळमध्ये मुळ्ळेली, म्हणजे काट्यांचा उंदीर. आमच्या इकडे हिंदीत काँटा चूहा किंवा झाऊ चूहा म्हणतात. झाऊ हे नदीकाठच्या वाळूत वाढणारे झुडूप, तेव्हा नाव त्यावरून पडले असे म्हणता येईल. आम्हांस मात्र त्या ‘झाऊ’त पंजाबीतल्या ‘झाहा’चाच प्रतिध्वनी ऐकू येतो. व्युत्पत्तीच्या बाबतीत प्रत्येक मास्तराला एखादा हट्ट माफ असावा.

प्राचीनांची नजर या बाबतीत आपल्यापेक्षा बारीक होती. पाच नखांच्या कोणत्या प्राण्यांचे मांस खाण्यास चालते, याची यादी मनुस्मृतीत आहे, आणि रामायणात मरणोन्मुख वालीही रामाला तीच गोष्ट सुनावतो. या दोन्ही ठिकाणी ‘श्वाविध्’ आणि ‘शल्यक’ ही नावे वेगवेगळी घेतलेली आहेत. त्यांपैकी एक साळू खराच. दुसरा कोण, यावर टीकाकारांनी आणि भाषांतरकारांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. आमच्यापुरता मुद्दा एवढाच, की काटे अंगावर बाळगणारे प्राणी दोन आहेत हे त्यांना ठाऊक होते आणि दोघांना दोन नावे देण्याइतका विवेक त्यांच्यापाशी होता.

भारतात जाहकाच्या तीन जाती आहेत. लांब कानांचा जाहक हा रंगाने काळसर. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन ग्रे यांनी १८३० मध्ये केले, तेही गंगा-यमुनेच्या दुआबातल्या नमुन्यावरून; म्हणजे आमच्या ग्वाल्हेरहून चंबळ ओलांडून आग्रा गाठावे आणि यमुना पार करावी, की तो प्रदेश लागतो. दुसरा फिका जाहक. ब्लाइथ यांनी १८४६ मध्ये त्याला नाव दिले ते आज पाकिस्तानात असलेल्या बहावलपूरच्या नमुन्यावरून. राजस्थान, गुजरात आणि सिंध ही त्याची मुख्य भूमी. त्याचे तोंड तपकिरी-काळे, कपाळावर पांढरा पट्टा, आणि टाळूवर काट्यांच्या मधोमध भांग पाडल्यासारखी एक उघडी रेघ. पत्रात ‘कपाळाला भस्म लावल्यासारखा पट्टा’ असे जे लिहिले आहे, त्यावरून बिकानेरचा पाहुणा हाच असावा. तिसरा मद्रासी जाहक, दक्षिणेतल्या कोरड्या भागातला. हॉर्सफील्ड यांनी १८५१ मध्ये त्याचे वर्णन केले. वाळवंटी जाहक म्हणून जगात जो प्रसिद्ध आहे तो सहारापासून अरबस्थानापर्यंत राहतो. आपला फिका जाहक त्याच्याच कुळातला, सख्ख्या चुलत्याच्या नात्याचा म्हणावा.

त्याच्या संसाराची मांडणी पाहण्यासारखी आहे. दिवसा भुई तापलेली असते तेव्हा तो झुडपाच्या बुडाशी स्वतः उकरलेल्या हात-दीड हात लांबीच्या बिळात पडून राहतो. बिळाला तोंड एकच आणि बिऱ्हाडकरूही एकच, कारण हा एकलकोंडा प्राणी आहे. अंधार पडला की बाहेर निघतो. डोळ्यांवर त्याची फारशी भिस्त नाही. नाक आणि कान यांवर त्याचा सारा कारभार चालतो. भुंगेरे, वाळवी, रातकिडे, नाकतोडे, टोळ, कधी विंचू, कधी एखादी पाल किंवा जमिनीवरचे अंडे, असा त्याचा आहार. विंचवाला खाताना तो कचरत नाही. त्याच्या युरोपातील नातेवाइकाच्या रक्तात सापाच्या विषाचा जोर मोडणारे द्रव्य असते हे सिद्ध झाले आहे. पाणी मिळाले तर पितो, न मिळाले तर भक्ष्यातील ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. थंडी पडली आणि किडे नाहीसे झाले की अंगातल्या चरबीवर भरवसा टाकून बिळात निपचित राहतो. श्वास मंदावतो, अंग गार पडते. ज्याच्याजवळ खायला नाही त्याने खर्च कमी करावा, हा गृहस्थाश्रमाचा नियम त्याने आपल्याआधी कितीतरी पूर्वी शोधून काढला.

अंगाचा गोळा करण्याची किमया मात्र काट्यांची नाही, स्नायूची आहे. पाठीच्या काटेरी कातडीच्या कडेने एक वर्तुळाकार स्नायू असतो. आपल्या आज्या बटव्याची नाडी ओढून तोंड आवळीत, तसा तो स्नायू आवळला की तोंड, पाय, पोट सारे आत जाते आणि बाहेर नुसते काटे उरतात. कोल्हा पंजाने उलटून पाहतो आणि बहुधा कंटाळून निघून जातो. मोठ्या घुबडाचे मात्र या काट्यांवाचून अडत नाही. त्याच्या नख्या लांब आणि पायांवर पिसे. मादीला एका वेळी एक किंवा दोनच पिले होतात. जन्मतः ती आंधळी असतात आणि काटे कातडीखाली दडलेले असतात, नाहीतर आईची काही धडगत नसती. वर्षाकाठी एक-दोन पिले म्हणजे उंदरासारखी पैदास नव्हे. मेलेल्यांची भरपाई सावकाशीने होते, हे पुढे सांगावयाच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवावे.

आपल्या देशात या प्राण्याचा पद्धतशीर अभ्यास झाला तो राजस्थानात. कृष्ण आणि ईश्वर प्रकाश या दोघांनी राजस्थानच्या वाळवंटातील जाहकांवर लिहिलेले लेख १९५५ आणि १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ईश्वर प्रकाश पुढे जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत मरुभूमीतल्या सस्तन प्राण्यांवर आयुष्यभर काम करीत राहिले. ज्या प्राण्याला ना कातडीचा भाव, ना शिकारीचा मान, त्याच्या बिळाशी रात्री बसून राहणारी माणसे आपल्याकडे निघाली, हे आम्हांस मोठे समाधानाचे वाटते.

मग आज या प्राण्याची अवस्था काय? जागतिक निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत भारतातील तिन्ही जाहक ‘सर्वांत कमी चिंतेचे’ या वर्गात आहेत. वाचणाऱ्याला वाटते, चला, एक काळजी मिटली. परंतु या वर्गाचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. ती जात पृथ्वीवरून नजीकच्या काळात नष्ट होण्याचा धोका दिसत नाही, एवढेच ते सांगते. अमुक तालुक्यातून, अमुक माळावरून ती गेली की राहिली, हे ते सांगत नाही. वर्गातली सरासरी उत्तम आहे म्हणून मागच्या बाकावरचा मुलगा शाळा सोडून गेलेला कळू नये, तशातला हा प्रकार. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात ससा आणि साळू यांच्याबरोबर जाहकाचे नाव होते, पण तेही लांब कानांच्या जाहकाचे. २०२२ च्या दुरुस्तीने ती परिशिष्टे नव्याने लिहिली गेली. कायद्याचे नाव उच्चारले की शिकारी थबकतो, हे खरे. परंतु जाहकाचा खरा शत्रू शिकारी नाहीच. त्याची गाठ पडली आहे ती एका शब्दाशी.

तो शब्द म्हणजे ‘पडीक’. ज्या जमिनीत गहू पिकत नाही, ऊस होत नाही, घनदाट झाडीही नाही, ती महसुलाच्या दप्तरात बंजर किंवा पडीत म्हणून लिहिली जाते. १९८५ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशातील पडीक जमिनींचे जे नकाशे पुढे तयार झाले, त्यांत झुडपी रान आणि वाळवंटी वाळू हेही पडीक भूमीचे प्रकार म्हणून मांडले आहेत. झुडपी रान आणि वाळवंटी वाळू म्हणजेच जाहकाचे घर. सरकारी कागदावर आधीच ‘रिकामे’ लिहिलेल्या घरातून कोणी बाहेर पडले, तर त्याची नोंद कोण करणार?

या एका शब्दाचा प्रताप आम्ही ग्वाल्हेरकरांनी जवळून पाहिला आहे. आमच्या जिल्ह्यातील घाटीगाव आणि शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यातील करेरा येथील माळांवर सोनचिडिया नांदत होती. हाच सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक. १९८१ मध्ये या दोन्ही ठिकाणी अभयारण्ये झाली. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांच्यासारखे अभ्यासक करेऱ्यात तळ देऊन राहिले आणि प्रारंभी पक्षी वाढलेही. परंतु अभयारण्यात खाजगी शेते आणि गावे होती. जमिनीची खरेदी-विक्री थांबली. मुलीच्या लग्नाला बापाला जमीन विकता येईना, आणि वाढलेले काळवीट उभे पीक खाऊन जाऊ लागले. पक्ष्यासाठी आपल्याला गहाण टाकले आहे, असे गावकऱ्यांच्या मनाने घेतले. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्यातून सोनचिडिया दिसेनाशी झाली. पुढे घाटीगावातूनही ती गेली. दोष एकट्या शेतकऱ्याचा म्हणता येणार नाही. ज्या भूमीला आपण पिढ्यान् पिढ्या निरुपयोगी म्हटले, तिच्यासाठी एका पिढीने अचानक त्याग करावा, ही अपेक्षा जड होती.

चंबळेच्या घळींचीही कथा वेगळी नाही. दरोडेखोरांचे आश्रयस्थान आणि धूप झालेली वाया गेलेली जमीन, याहून अधिक काही त्या बीहडात आहे असे फार थोड्यांना वाटले. १९८० च्या दशकात तेथे विमानातून विलायती बाभळीच्या बिया टाकण्यात आल्या. हिरवळ झाली खरी. पण ही बाभूळ दाट जाळी करते, खालचे गवत आणि देशी झुडपे मारते. मोकळ्या भुईवर किडे हुंगीत फिरणाऱ्या प्राण्याला ती हिरवळ काय कामाची? कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात हेच झाड त्याआधी वीस-पंचवीस वर्षे लावले गेले आणि तेथील गुराख्यांना त्याची झळ आजही लागते आहे. २०२२ च्या सप्टेंबरात शेजारच्या कुनोच्या रानात नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणले. आमच्या शाळेतील पोरांना त्यांची नावेही पाठ झाली. जाहकासाठी विमान येणार नाही. तशी त्याची मागणीही नसावी.

पश्चिमेकडे ओढ आणखी जोराची आहे. १९५८ मध्ये पायाभरणी झालेल्या राजस्थान कालव्याने, म्हणजे आताच्या इंदिरा गांधी कालव्याने, गंगानगर, बिकानेर, जैसलमेरच्या वाळूत शेते उभी केली. जेथे घागरभर पाण्यासाठी बायका कोसभर चालत, तेथे गहू आला. त्याला वाईट म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण भिजलेल्या, नांगरलेल्या जमिनीत जाहकाचे बीळ टिकत नाही आणि पिकावर फवारलेले औषध प्रथम त्याचे अन्न मारते. २०१९-२० मध्ये टोळधाड आली, ती २०२० च्या मे महिन्यात आमच्या पलीकडे झाशीपर्यंत पोहोचली, तेव्हा कीटकनाशकांचे फवारे रात्री आणि पहाटेच मारीत, कारण टोळ तेव्हा बसलेले असतात. जाहकाचीही ती जेवणाची वेळ. शेतकऱ्याने टोळ मारू नयेत काय? अवश्य मारावेत. पण टोळ आणि भुंगेरे फुकट खाणारा गडी आपल्याच बांधावर होता, हे हिशेबात कोठे तरी धरले जावे.

त्यातून रस्ते आले. मोटारीचा आवाज ऐकून पळण्याऐवजी जागच्या जागी गोळा होणे, ही जाहकाची लाखो वर्षांची शिकवण. कोल्ह्यापुढे ती उत्तम ठरली, ट्रकपुढे नाही. आणि आता फलोदीजवळच्या भाडल्यासारख्या ठिकाणी हजारो एकरांवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पट मांडले आहेत. ही वीज हवी आहे. कोळशाच्या धुराहून ती बरी. माळढोकासाठी विजेच्या तारांच्या प्रश्नावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, तेव्हा त्या भूमीवर कोणी राहते एवढे तरी जगाला कळले. जाहकाच्या बाजूने अर्ज कोणी केलेला नाही. तामिळनाडूत मात्र तेथील शासनाने मद्रासी जाहकाच्या संरक्षणाकडे अलीकडे लक्ष घातले आहे आणि तरुण संशोधक गावोगावच्या शाळांतून मुलांना हा प्राणी ओळखावयास शिकवीत आहेत. उत्तरेतही तसे होण्यास हरकत नसावी. त्यासाठी गाव उठवावे लागत नाही की जमीन गोठवावी लागत नाही. बांधावरची बोर, केर, खेजडी तोडू नये, गोचराची जमीन गोचरालाच ठेवावी. खेड्याच्या ओरणातील, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातील झुडपे साफ करून तेथे फरशा घालू नयेत. राजस्थानातील जुन्या लोकांना यातले काहीच नवीन नाही.

ज्यांच्या अंगणात जाहक येईल त्यांच्यासाठी दोन शब्द. त्याला घरात ठेवू नये, पिंजऱ्यात तर नव्हेच. दूध ठेवू नये. ते त्याला पचत नाही, हगवण लागून तो मरतो. उथळ ताटलीत पाणी ठेवले तर पुरे. उघडी टाकी, खोल नाली किंवा विहिरीचा कठडा नसलेला काठ असेल तर एखादी फळी तिरकी टाकून ठेवावी, म्हणजे पडलेला जीव वर येऊ शकेल. बिकानेरच्या भगिनींनी सुपात घेऊन त्याला कुंपणापाशी ठेवले, हे उत्तम केले.

जोधपूर, बिकानेर, जयपूर, भूज, अहमदाबाद, बडोदे, आणि आमच्या चंबळेच्या आसपासचे जे वाचक असतील, त्यांस एक विनंती. हा प्राणी पाहिला असल्यास, जिवंत किंवा रस्त्यावर मेलेला, गावाचे नाव, महिना आणि कपाळावर पांढरा पट्टा होता की कान लांब होते, एवढे पोस्टकार्डावर लिहून आमच्याकडे धाडावे. घरातल्या वडीलधाऱ्या मंडळींना, शेजाऱ्यांना आणि विशेषतः मेंढपाळांना त्याचे तिकडचे नाव विचारून तेही लिहावे. त्यातले एखादे नाव मराठी जिभेवर बसण्यासारखे निघाले तर पुढल्या अंकापासून आम्ही तेच वापरू.